बर्नचा गोल, एसेनचा गाडीबाजार आणि आपला असीरगड

गेल्या महिन्यात या पानावर बऱ्हाणपूरच्या जुन्या वाड्यांच्या आठवणी वाचल्या आणि मलाही लिहावंसं वाटलं. विषय थोडा लांबचा आहे, जर्मनीतल्या एका फुटबॉलपटूचा. पण तो मला समजला तो असीरगडामुळे, म्हणून इथेच लिहितो. मी कॉमर्सचा माणूस, चौतीस वर्षं बँकेत काढली. चूकभूल द्यावी घ्यावी.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी माझी बदली बऱ्हाणपूरला झाली. तेव्हा बऱ्हाणपूर हा वेगळा जिल्हा नव्हता, खंडव्यातच होता. आमच्या शाखेत खेळाडू कोट्यातून लागलेले एक क्लार्क होते. नाव लिहीत नाही, घरच्यांना आवडायचं नाही. तरुणपणी ते राज्याच्या संघातून फुटबॉल खेळलेले. एका मोठ्या सामन्यात शेवटच्या मिनिटांत त्यांनी मारलेला गोल त्या पिढीच्या लोकांना तोंडपाठ होता.

मी शाखाधिकारी. मोठा ठेवीदार आला की चहा मागवायचा आणि यांना केबिनमध्ये बोलवायचं. "अहो, यांना तो गोल सांगा बरं." ते बिचारे लेजर बंद करून यायचे, हसून सांगायचे. ठेवीदार खूश, मीही खूश. यात कुणाला त्रास होत असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

एकदा रविवारी स्टाफची सहल असीरगडाला नेली. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बऱ्हाणपूरहून खंडव्याच्या रस्त्याला साधारण वीस किलोमीटरवर सातपुड्यात हा किल्ला आहे. याला दख्खनचा दरवाजा म्हणत. फारुकी सुलतानांकडून तो 1601 साली अकबराने घेतला. महिनोन्‌महिने वेढा घालून तोफांनी काम झालं नाही, ते शेवटी पैसे चारून झालं अशी कथा आहे. सोन्याच्या किल्ल्यांनी दार उघडलं, असं आम्ही बँकवाले गमतीने म्हणायचो. 1760 साली उदगीरच्या लढाईनंतर तो मराठ्यांकडे आला, 1819 साली इंग्रजांनी घेतला. आता वर पडक्या भिंती, मशिदीचे मिनार आणि महादेवाचं देऊळ.

त्या देवळाची गोष्ट आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असते. अश्वत्थामा अजून त्या गडावर फिरतो, पहाटे येऊन पिंडीवर फूल वाहून जातो. कपाळावरची जखम भळभळते, भेटेल त्याच्याकडे तेल मागतो. युद्ध अठरा दिवसांत संपलं, पण याला मरण नाही.

उतरताना आमचे क्लार्क माझ्या शेजारून चालत होते. एकदम म्हणाले, "साहेब, एक विनंती होती. तो गोल आता नका सांगायला लावू. सांगून सांगून मलाच तो खोटा वाटायला लागलाय."

मी ओशाळलो. "बरं" म्हणालो आणि विषय बदलला. माफी मागायला हवी होती, ती राहिली.

आता जर्मनी. माझा मुलगा ड्युसेलडॉर्फला असतो. काही वर्षांपूर्वी आम्ही उभयता तिकडे गेलो होतो. जवळच एसेन नावाचं शहर आहे, एकेकाळी कोळसा आणि पोलादाचं. तिथल्या क्लबच्या स्टेडियमपाशी एका फुटबॉलपटूचा पुतळा दिसला. हेल्मुट रान. मुलाने माहिती सांगितली, बाकीची मी नंतर वाचून काढली.

हा रान 1929 साली एसेनमध्येच जन्मला. 4 जुलै 1954 रोजी स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात भर पावसात वर्ल्ड कपची फायनल झाली. समोर हंगेरी. चार वर्षं न हरलेला, जगातला सर्वांत भारी संघ. याच स्पर्धेत त्यांनी जर्मनीला 8-3 असं धुतलं होतं. फायनलमध्येही पहिल्या आठ मिनिटांत हंगेरीचे दोन गोल झाले. मग जर्मनीने एक फेडला, दुसरा रानने फेडला. आणि 84 व्या मिनिटाला याच रानने डाव्या पायाने तिसरा मारला. 3-2. युद्धात बेचिराख झालेल्या, जगाने वाळीत टाकलेल्या देशाला नऊ वर्षांनी मान वर करून बघता आलं. त्याला ते लोक आजही 'बर्नचा चमत्कार' म्हणतात.

बँकेतल्या माणसाची नजर आकड्यांकडे जाते. तेव्हा जर्मनीत पूर्ण व्यावसायिक फुटबॉल नव्हता. करारावरच्या खेळाडूला महिन्याला जास्तीत जास्त 320 मार्क देता येत. म्हणजे देशाचा हिरो, पण पोट भरायला दुसरं काही हवंच. कॅप्टन फ्रिट्झ वाल्टरची लाँड्री होती, सिनेमा थिएटर होतं. गोलकीपर टुरेक ड्युसेलडॉर्फच्या ट्राम कंपनीत नोकरीला होता.

रानचं मात्र बस्तान लवकर बसेना. माणूस दिलदार, गप्पिष्ट, पण दारू फार. 1957 साली पिऊन गाडी खड्ड्यात घातली, पोलिसांशी मारामारीवर आला आणि तुरुंगाची हवा खाल्ली. तरी कोच हेरबेर्गरने 1958 च्या वर्ल्ड कपला त्याला नेलं आणि त्याने सहा गोल केले, त्या वर्षी पेलेने केले तितकेच. पुढे कोलोन, मग हॉलंड. 1963 साली जर्मनीत बुंडेसलिगा सुरू झाली तेव्हा तो मायडरिख या क्लबकडे आला. त्या लीगमध्ये मैदानाबाहेर काढला गेलेला पहिला खेळाडू म्हणजे हाच. क्लब मात्र दुसरा आला. 1965 च्या सुमारास दुखापतीने खेळ सुटला. 40 आंतरराष्ट्रीय सामने, 21 गोल.

आणि मग या माणसाने एसेनमध्ये भावाबरोबर जुन्या गाड्यांचा धंदा सुरू केला.

वाचताना मी इथे थांबलो. कारण जुन्या गाडीचा धंदा म्हणजे काय ते मला माहीत आहे. किती कर्जप्रकरणं मी तपासली असतील. तिथे तुमचं नाव एकदा कामाला येतं, फार तर दोनदा. नंतर गिऱ्हाईक बॉनेट उघडून इंजिनच बघतं.

रान गावातल्या गुत्त्यावर जाऊन बसला की लोक म्हणत, "हेल्मुट, तो गोल सांग ना." बियर पुढे यायची आणि तो सांगायचा. वर्षानुवर्षं. हे वाक्य तिकडे म्हणीसारखं झालं आहे. शेवटी त्याला त्याचा वीट आला. तो समारंभांना जाईनासा झाला, मुलाखती टाळू लागला, घर आणि ठरावीक चार माणसं एवढंच ठेवलं. 14 ऑगस्ट 2003 रोजी तो गेला. (दुसऱ्याच दिवशी आपला बऱ्हाणपूर जिल्हा अस्तित्वात आला, म्हणून ही तारीख माझ्या लक्षात राहिली.) त्यानंतर दोन महिन्यांनी त्या सामन्यावरचा सिनेमा आला आणि सगळ्या देशाला तो गोल पुन्हा दिसला. सांगायला हा नव्हता.

त्या पुतळ्यापुढे उभं असताना मला असीरगडाच्या पायऱ्या आठवल्या. अश्वत्थामा तेल मागत फिरतो असं आपण म्हणतो. पण या लोकांच्या बाबतीत मागणारे आपणच असतो. त्यांची जखम भरत आली की आपण जातो आणि म्हणतो, "सांगा ना एकदा."

आपल्याकडे खेळाडूंची सोय वेगळी होती. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसोझा मूळचा गोव्यातल्या आसगावचा. मुंबईत टाटा आणि कॅलटेक्सच्या संघांतून खेळला. पी. के. बॅनर्जी रेल्वेत होते. 1962 च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघाचे कॅप्टन चुनी गोस्वामी स्टेट बँकेत. मस्टरवर सही, महिन्याला पगार, पुढे पेन्शन. रानला यातलं काही नव्हतं. पण नोकरीबरोबर माझ्यासारखा साहेबही मिळतो, हे कोणी लिहीत नाही.

आमच्या क्लार्कचं पुढे काय झालं ते सांगतो. 2001 च्या व्ही.आर.एस.मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि आलेल्या पैशातून जुन्या जीप आणि ट्रॅक्टर घेऊन विकायला लागले. मला वाटलं होतं बुडणार. बुडाले नाहीत. एकदा खंडव्याला जाताना मी त्यांच्या शेडवर थांबलो. टिनाचं छप्पर, चार जीप, एक पोरगा टायर धूत होता. भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर आणि आर.टी.ओ.चे कागद. फुटबॉलचा एकही फोटो नाही.

चहा आला. मी फक्त धंद्याचं विचारलं. ते मनापासून हसले. म्हणाले, "बरं चाललंय साहेब. इथे लोक मला गाडीचं ॲव्हरेज विचारतात, आर.सी. बुक बघायला मागतात. बस."

निघताना मी म्हणालो, "त्या वेळी बँकेत मी तुम्हाला फार त्रास दिला." त्यांनी हात झटकला. "अहो, जुन्या गोष्टी." आणि आलेल्या गिऱ्हाइकाकडे वळले.

आता ते नाहीत. म्हणून हे आज लिहिलं.

मंडळी, तुमच्या घरातही कुणी काका, मामा, आजोबा असतील. कुणी पहिलवान, कुणी कबड्डीवाले, कुणी नाटकात गाणारे. त्यांची गोष्ट जरूर ऐका, लिहून ठेवा. पण त्यांना सांगावीशी वाटेल तेव्हा. एरवी त्यांना साधं विचारा, जेवलात का, गुडघा कसा आहे.

असीरगडावर गेलात तर देवळात थोडं तेल ठेवून या. मी दर खेपेला ठेवतो. अश्वत्थामा आहे की नाही मला माहीत नाही, पण ठेवल्यावर बरं वाटतं.