'दुरुस्त होईपर्यंत स्थगित': कोपर्निकसच्या पुस्तकाचं नेमकं काय झालं?

विज्ञान दिन आला की एक पोस्ट हमखास फिरते. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं म्हटल्याबद्दल चर्चने कोपर्निकसला जिवंत जाळलं म्हणे. मंडळी, असं काही झालेलं नाही. कोपर्निकस २४ मे १५४३ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी, आजारपणाने अंथरुणात गेला. रोममध्ये १६०० साली जाळलं ते जोर्दानो ब्रुनोला, आणि त्याच्यावरच्या आरोपांमध्ये येशूच्या देवत्वापासून ते विश्वं अनेक आहेत या मतापर्यंत बरंच काही होतं.

खरी गोष्ट यापेक्षा कमी नाट्यमय आहे. तरी मला तीच जास्त अस्वस्थ करते.

कोपर्निकस स्वतः चर्चचाच माणूस. पोलंडमधल्या फ्रॉमबोर्क कॅथेड्रलचा पदाधिकारी, कारभार बघणारा. त्याचं पुस्तक न्यूरेंबर्गला छापलं गेलं आणि ते अर्पण केलंय थेट पोप तिसऱ्या पॉलना! छपाईसाठी त्याच्या मागे लागला होता ऱ्हेटिकस नावाचा तरुण, तो प्रोटेस्टंट. छपाईवर देखरेख करणारा ओसिअँडर हा प्रोटेस्टंट धर्मोपदेशक. या ओसिअँडरने पुस्तकाच्या सुरुवातीला स्वतःचं नाव न घालता एक प्रस्तावना चिकटवून दिली. मतलब असा, की हे सगळं गणिताच्या सोयीसाठी आहे, खरं मानायची गरज नाही. वाचणाऱ्याला वाटावं की लेखकच हे म्हणतोय. हा उद्योग पुढे १६०९ मध्ये केप्लरने छापून उघड केला.

म्हणजे बंदी घालणाऱ्यांच्या आधी घाबरणारे आले. हे नेहमीचंच.

पुढची ७३ वर्षं या पुस्तकावर रोमने बंदी घातली नाही. विद्वानांनी ते वाचलं, समासात टिपणं केली, आकडेमोडीला वापरलं. विरोध होता, पण सगळाच धर्माचा नव्हता. पृथ्वी फिरते तर वर फेकलेला दगड मागे का पडत नाही? पृथ्वी वर्षभरात एवढी लांब जाऊन येते तर ताऱ्यांची जागा थोडी तरी सरकलेली का दिसत नाही? हे प्रश्न खुळचट नव्हते. टायको ब्राहेसारख्या त्या काळच्या सर्वात काटेकोर निरीक्षकाने म्हणूनच मधला मार्ग काढला: बाकीचे ग्रह सूर्याभोवती आणि सूर्य पृथ्वीभोवती. शिवाय कोपर्निकसचं गणित काही फार सोपं किंवा अचूक नव्हतं. वर्तुळांवर वर्तुळं त्याच्याकडेही होतीच. ती गेली केप्लरने लंबवर्तुळं आणल्यावर.

मग १६१० मध्ये गॅलिलिओने दुर्बिणीतून गुरूभोवती फिरणारे चार चंद्र बघितले. त्याच वर्षाच्या शेवटी शुक्राच्या कला बघितल्या. शुक्र सूर्याभोवती फिरत असल्याशिवाय त्या तशा दिसूच शकत नाहीत. रोममधल्या जेझुइट गणितज्ञांनी स्वतः दुर्बीण लावून ही निरीक्षणं खरी असल्याचं मान्य केलं. जुन्या टॉलेमीची मांडणी तिथेच संपली. पण टायकोचा मधला मार्ग अजून शाबूत होता, हे लक्षात ठेवा.

ठिणगी पडली ती दुसरीकडे. बायबलमध्ये यहोशवाने सूर्याला थांबायला सांगितल्याची कथा आहे. गॅलिलिओचं म्हणणं, शास्त्रवचन आणि निसर्ग यांच्यात विरोध दिसला तर वचनाचा अर्थ नव्याने लावा. हे म्हणायला तो पाद्री नव्हता, होता गणिती. आणि प्रोटेस्टंटांशी अर्धशतकाहून जास्त काळ भांडण चाललं होतं ते नेमकं यावरच, की बायबलचा अर्थ लावायचा अधिकार कुणाचा. म्हणजे भांडण ग्रहांवरून पेटलं तरी हात घातला गेला होता अधिकाराला.

कार्डिनल बेलार्मिनने १६१५ मधल्या एका पत्रात भूमिका मांडली: पक्का पुरावा असेल तर वचनांचा अर्थ लावताना फार जपून वागावं लागेल, पण असा पुरावा मी पाहिलेला नाही. खरं सांगायचं तर पुरावा मागणं यात काहीच गैर नव्हतं. तो तेव्हा नव्हताच. गैर झालं ते पुढच्या वर्षी. ५ मार्च १६१६ च्या हुकमाने कोपर्निकसचं पुस्तक 'दुरुस्त होईपर्यंत स्थगित' केलं गेलं. एकीकडे पुरावा मागायचा आणि दुसरीकडे तो शोधणाऱ्याला 'हे खरं आहे' म्हणायची मनाई करायची!

(जाता जाता: त्याच १६१६ साली आपल्या गोव्यात, राचोलला, फादर स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. तेही जेझुइटच.)

दुरुस्त्यांची यादी १६२० मध्ये आली. मोजून दहाएक जागा. पृथ्वीच्या तिहेरी गतीवरच्या प्रकरणाचं शीर्षक बदलून पृथ्वीच्या तिहेरी गतीच्या 'गृहीतकावर' करा, असला प्रकार. पुस्तक जाळायचं नाही, आकडे ठेवायचे, कोष्टकं ठेवायची, फक्त 'आहे'चं 'समजा' करायचं. ज्याच्याकडे प्रत असेल त्याने स्वतः शाई घेऊन खोडायचं.

आणि किती जणांनी खोडलं? ओवेन गिंगरिच या अमेरिकन खगोल-इतिहासकाराने जगभर फिरून पहिल्या दोन आवृत्त्यांच्या सुमारे ६०० प्रती एकेक करून तपासल्या. इटलीतल्या बहुसंख्य प्रती खोडलेल्या निघाल्या. इटलीबाहेर फारच थोड्या, अगदी कॅथलिक स्पेनमध्येसुद्धा. गॅलिलिओच्या स्वतःच्या प्रतीतही हुकमाप्रमाणे खाडाखोड आहे. फक्त रेघा इतक्या हलक्या हाताने मारल्यात की खालचं सगळं वाचता येतं!

१६३३ चा खटला सगळ्यांना माहीत आहे, म्हणून थोडक्यात. मित्र असलेला पोप आठवा अर्बन, १६३२ चा 'संवाद', त्यात पोपचा आवडता युक्तिवाद सिम्प्लिचिओ नावाच्या बावळट पात्राच्या तोंडी. तेही लॅटिनमध्ये नाही, बाजारात समजणाऱ्या इटालियनमध्ये. (भरती-ओहोटीवरून पृथ्वीची गती सिद्ध करायचा त्याचा मुख्य पुरावा चुकीचा होता, हेही सांगायला हवं.) २२ जून १६३३ रोजी ६९ वर्षांच्या माणसाला गुडघ्यावर बसवून आपलं मत नाकारायला लावलं. दहापैकी तीन कार्डिनलांच्या सह्या त्या निकालावर नाहीत. 'तरीही ती फिरते' हे तो पुटपुटला याची नोंद खटल्याच्या कागदात कुठेही नाही, ती गोष्ट छापून आली शंभरहून जास्त वर्षांनी. मरेपर्यंत तो नजरकैदेत राहिला, डोळे गेले, आणि शेवटचं मोठं पुस्तक १६३८ मध्ये हॉलंडमधल्या लायडनला छापावं लागलं.

हिशोब फक्त गॅलिलिओचा मांडू नका. निकालाची बातमी ऐकून देकार्तने स्वतःचं तयार होत आलेलं पुस्तक बासनात बांधून ठेवलं. ते त्याच्या हयातीत आलंच नाही. आणि त्याला तर कुणी समन्सही पाठवलं नव्हतं. अशी न छापलेली पुस्तकं कुठल्या यादीत मोजणार?

बंदी असलेल्या पुस्तकांच्या यादीतून कोपर्निकस आणि गॅलिलिओची नावं गळली १८३५ मध्ये. ताऱ्याची जागा खरंच सरकते हे बेसेलने मोजून दाखवलं १८३८ मध्ये, सरकणं एका अंशाच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढं. टायकोला नुसत्या डोळ्यांनी ते दिसणं शक्यच नव्हतं.

याच सुमारास, १८३६ मध्ये, माळव्यातल्या सिहोरला सुबाजी बापू नावाचे पंडित पुराणं, सिद्धान्त आणि कोपर्निकस अशा तिन्हींची तुलना करणारं पुस्तक मराठीत लिहीत होते. त्यावरून आपल्या पंडितांमध्ये वादही झाला. त्याबद्दल पुढच्या पोस्टमध्ये लिहितो.