मठ, मंडई आणि नवे छप्पर

स्पेनमधील बार्सिलोना शहराच्या जुन्या वस्तीत, कॅथेड्रलपासून थोड्याच अंतरावर ‘सांता कातेरिना’ नावाची मंडई आहे. भाजी, फळे, मांस आणि मासळी विकणाऱ्या या बाजाराला संत कॅथरीनचे नाव कसे लाभले, याचा शोध घेताना कित्येक शतकांचा इतिहास उलगडतो. त्याबरोबरच एक व्यावहारिक प्रश्नही पुढे येतो: जुन्या वास्तूला नव्याची जोड द्यायची, तर ती कशी द्यावी?

तेराव्या शतकात या जागी डॉमिनिकन संघाचा मठ उभा राहिला. ख्रिस्तसभेच्या कायद्याचे थोर पंडित संत रेमंड पेन्याफोर्ट यांनी १२२२ साली बार्सिलोनातच या संघाचे वस्त्र धारण केले. पोप नववे ग्रेगरी यांच्या आज्ञेवरून त्यांनी केलेले धर्मशासनाचे संकलन १२३४ मध्ये जाहीर झाले. १२७५ साली ते निवर्तले आणि मठाच्या मंदिरात त्यांचे दफन झाले. पुढे १८३५ च्या उन्हाळ्यात शहरात दंगल उसळली व अनेक मठांना आगी लावण्यात आल्या. त्यात हा मठही सापडला. शासनाने मठांच्या मालमत्ता ताब्यात घेतल्या आणि ही वास्तू पाडण्यात आली. संत रेमंड यांचे अवशेष आज कॅथेड्रलमध्ये आहेत.

मोकळ्या झालेल्या जागेवर १८४८ साली मंडई सुरू झाली. त्या काळी शहरातील बाजार उघड्यावरच भरत असत. विक्रेत्यांच्या डोक्यावर छप्पर देणारी बार्सिलोनातील ही पहिली मंडई होय. कमानींच्या रांगा असलेल्या तिच्या पांढऱ्या भिंती परिसराची ओळख बनल्या. मठ गेला, नाव मात्र लोकांच्या तोंडी राहिले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस ही वास्तू जीर्ण झाली होती. १९९७ मध्ये एन्रिक मिरालियेस आणि बेनेदेत्ता ताल्याबुए या वास्तुशिल्पी दांपत्याचा आराखडा निवडण्यात आला. त्यांनी सारे पाडून नवे बांधले नाही, तसेच जुन्याची हुबेहूब नक्कलही केली नाही. तीन बाजूंच्या जुन्या भिंती राखून मागची बाजू त्यांनी मोकळी केली. पाया खणताना मठाच्या मंदिराचे व त्याहूनही प्राचीन वस्तीचे अवशेष लागले. उत्खननासाठी काम थांबले, आराखडा बदलावा लागला आणि विक्रेत्यांना कित्येक वर्षे तात्पुरत्या बाजारात दिवस काढावे लागले. दरम्यान, जुलै २००० मध्ये मिरालियेस वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी निवर्तले. ताल्याबुए यांनी काम पुढे नेऊन २००५ मध्ये पूर्णत्वास नेले.

नव्या कामाचे वैशिष्ट्य म्हणजे छप्पर. लाटेप्रमाणे उंचसखल होणाऱ्या लाकडी कमानी पोलादी आधारांवर तोललेल्या आहेत आणि जुन्या भिंतींच्या माथ्यावरून त्या रस्त्याकडे झेपावतात. वर सुमारे ३,२५,००० षट्कोनी चिनीमातीच्या फरश्या ६७ रंगांत बसवल्या आहेत. हे रंग गाळ्यांवरील फळाभाज्यांचेच. रस्त्यावरून जाणाऱ्याला छपराची केवळ कड दिसते. संपूर्ण रंगपट दिसतो तो भोवतालच्या उंच इमारतींतील रहिवाशांना. ज्यांना खिडकीतून रोज छप्परच पाहावे लागते, त्यांच्यासाठी छप्पर हाच दर्शनी भाग असतो, हे शिल्पकारांनी नेमके ओळखले.

मागील बाजूस मठाचे अवशेष जतन करून लोकांना पाहण्यासाठी खुले केले आहेत. १८४८ च्या बांधकामाने झाकलेले २००५ च्या बांधकामाने उघड केले. शेजारी वृद्धांसाठी घरे व तळघरात वाहनतळ झाला. याची किंमतही मोजावी लागली. गाळ्यांची संख्या पूर्वीपेक्षा घटली. म्हणजे काही कुटुंबांचा पिढीजात धंदा या नव्या छपराखाली आला नाही. रंगीत छपराचे कौतुक करताना याचा विसर पडू नये.

आपल्याकडेही जुनी शाळा, बाजार वा ख्रिस्तमंदिर अपुरे पडू लागले की ‘पाडून टाका’ आणि ‘हात लावू नका’ असे दोन तट पडतात. सांता कातेरिनाचा इतिहास या वादाआधी विचारण्याचे प्रश्न शिकवतो. कोणत्या भिंतीत गावाची ओळख आहे? जमिनीखाली काय आहे? काम चालू असताना रोज येणाऱ्यांनी कोठे जावे, आणि काम संपल्यावर त्यांच्यापैकी किती जण परत येऊ शकतील? आराखड्याची पहिली रेघ ओढण्यापूर्वी यांची उत्तरे मिळवलेली बरी.