फसलेली औषधे आणि पेशीतला उजेड



निकालाच्या दिवशी ‘फुकट गेला’ हे शब्द आपण फार लवकर उच्चारतो. एका इयत्तेत अडखळले की मुलाला दुकानावर आणि मुलीला घरी बसवले जाते. म्हणून विज्ञानाच्या इतिहासातील एक हकीकत आज आपल्यापुढे ठेवतो.

सन १८५६. लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अठरा वर्षांचा विद्यार्थी सुट्टीत घरीच हिवतापावरचे क्विनीन तयार करण्याची खटपट करीत होता. क्विनीन काही साधले नाही. मात्र त्याच खटपटीतून जांभळा रंग हाती आला आणि कृत्रिम रंगांचा उद्योग उभा राहिला. पुढे जर्मनीतील वॉल्टर फ्लेमिंग यांनी अशाच रंगांच्या साहाय्याने पेशीच्या केंद्रकातील धागे दुभंगताना पाहिले व १८८२ मध्ये ते ग्रंथरूपाने मांडले. हे धागे म्हणजेच गुणसूत्रे. आईबापांकडून येणारा वारसा, म्हणजे डीएनए, मुख्यतः त्यांतच असतो.

मानवी पेशीत ४६ गुणसूत्रे असतात, हे १९५६ मध्ये निश्चित झाले. पण त्यांतली कित्येक एकसारखी दिसत. ती वेगळी ओळखायची कशी? स्टॉकहोम येथे टॉरब्यॉर्न कॅस्परसन, लोर झेक व सहकाऱ्यांनी यासाठी क्विनाक्रीन मस्टर्ड वापरले. हिवतापावरील क्विनाक्रीन या औषधाचाच हा भाऊबंद! हा चकाकणारा रंग आहे. म्हणजे एका रंगाचा प्रकाश शोषून तो दुसऱ्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकतो. १९७० च्या सुमारास त्याच्या उजेडात प्रत्येक गुणसूत्रावर निराळे पट्टे दिसले. जणू प्रत्येकाला आपापली ओळख मिळाली.

तिसरी गोष्ट ‘डॅपी’ची. जर्मनीत ओटो डान यांच्या प्रयोगशाळेत निद्रारोगावर औषध शोधताना १९७१ मध्ये ते तयार झाले. औषध म्हणून ते यशस्वी ठरले नाही. परंतु ते डीएनएच्या पिळातील अरुंद खोबणीत नेमके जाऊन बसते आणि तेथे बसताच त्याची चकाकी सुमारे वीसपट वाढते. अतिनील किरण पडले की केंद्रक निळे उजळून निघते! १९७५ मध्ये यीस्टमधील डीएनए शोधण्यासाठी त्याचा उपयोग झाला. आज जगभरच्या प्रयोगशाळांतून ते नित्य वापरात आहे.

पालकहो, यात नुसते नशीब नव्हते. जे साधले नाही ते कोणीतरी फेकून न देता पुन्हा निरखून पाहिले, आणि त्यासाठी लागणारे इल्म त्यांच्यापाशी होते. डॅपी बदलले नाही. त्याची जागा बदलली.

आपले मूल अडखळले, तर त्याला शाळेतून काढण्यापूर्वी त्याच्याजवळ बसा. ते कोठे अडले, त्याला काय आवडते, हे विचारा. शिक्षकांना भेटा. विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही गुणपत्रिका दडवू नका. चुकलेले गणित पुन्हा सोडवा. कोणत्या जागी आपला उजेड पडेल, हे शिकत राहिल्यावाचून कळत नाही.