बुडख्याचा हिशेब

रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराचे एक प्रकरण आहे. जहाजे बांधायची म्हणजे लाकूड हवे, आणि लाकूड हवे म्हणजे झाड तोडणे आलेच. अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या त्या प्रकरणात अमात्य सांगतात की रानातील सागवान परवानगीने तोडावे, कमी पडेल ते परमुलखातून विकत आणावे. मग ते आंब्या-फणसाकडे वळतात. त्यांचे लाकूडही उपयोगाचेच. परंतु त्यांस हात लावू देऊ नये. कारण ही झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती पोटच्या पोरांप्रमाणे वाढविलेली असतात. एखादे झाड अगदीच जीर्ण झाले असेल, तर धन्याला राजी करून, पैका देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे.

हा भाग मी वर्गात शिकवतो तेव्हा मुलांना त्यातला जिव्हाळा चटकन भिडतो. मला मात्र अलीकडे त्यातला हिशेब अधिक जाणवू लागला आहे. झाड तुटले तर नुकसान कोणाचे? अमात्यांचे उत्तर सरळ आहे: ज्याने वाढविले त्याचे. येथे सरकार भरपाई मागत नाही, ती देते. अर्थात अमात्यांना काही अरण्यऋषी करण्याचे कारण नाही. त्यांना जहाजे हवी होती आणि रयत बिथरलेली नको होती.

पुढल्या दीडशे-पावणेदोनशे वर्षांत हा हिशेब नेमका उलटा झाला. इंग्रजांना आधी आरमारासाठी साग हवा होता. मग आगगाडी आली आणि रुळांखालच्या स्लीपरांनी जंगलेच्या जंगले खाल्ली. १८६५ साली जंगलाचा पहिला कायदा झाला, १८७८ साली दुसरा, पुष्कळच कडक. राखीव जंगलात झाड तोडणे, गुरे चारणे, विस्तव पेटविणे हे गुन्हे ठरले. शिक्षा सहा महिने कैद किंवा पाचशे रुपये दंड, अगर दोन्ही. पण त्या कलमाच्या शेवटी एक शेपूट आहे, आणि मला सारा इतिहास त्या शेपटात दिसतो. शिक्षेखेरीज जंगलाचे जे नुकसान झाले त्याबद्दल न्यायालय ठरवील ती भरपाईही गुन्हेगाराने द्यावी! १९२७ च्या कायद्यात हीच शब्दयोजना पुन्हा आली, आणि तो कायदा दुरुस्त्या होत होत आजही उभा आहे. म्हणजे फौजदारी खटल्यातच दिवाणी हिशेब करायचा. न्यायाधीशाने एका हाताने शिक्षा लिहायची आणि दुसऱ्या हाताने रानाची किंमत. ती कशी काढायची, याविषयी कलम अवाक्षर बोलत नाही.

बहुतेक प्रकरणे न्यायाधीशापर्यंत पोचतच नसत, कारण तडजोडीची वाट होती. १९२७ च्या कायद्याप्रमाणे दरमहा निदान शंभर रुपये पगार असलेला रेंजर किंवा त्याच्या वरचा अधिकारी संशयिताकडून भरपाई म्हणून रक्कम घेऊन प्रकरण मिटवू शकत असे. मर्यादा पन्नास रुपयांची. आरोप करणारा, नुकसान ठरविणारा आणि पैसे वसूल करणारा एकाच खात्याचा. महिन्याला पाच रुपये न पाहणाऱ्या माणसाला पन्नास रुपये म्हणजे काय, हे सांगायला नको.

याची झळ सर्वांत आधी ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांना लागली. तेथील भातशेती राबावर चाले. पावसाळ्याआधी झाडांचे टाळे तोडायचे, पातेरा, शेण, गवत यांच्यासह वाफ्यावर पसरायचे, वर माती टाकून जाळायचे, आणि त्या राखेत भाताचे रोप करायचे. जंगलखात्याचे म्हणणे, टाळे तोडून झाडे खुरटतात. शेतकऱ्याचे म्हणणे, राब नाही तर भात नाही. दोघेही खरेच बोलत होते, आणि म्हणूनच भांडण मिटेना. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला, त्यात जंगलखात्यावर कोरडे ओढले आहेत ते उगाच नव्हे. अखेर मुंबई सरकारने १८८५ साली या दोन जिल्ह्यांच्या तक्रारींसाठी चौकशी कमिशन नेमले आणि १८८७ मध्ये त्याचा अहवाल निघाला. राबाची चर्चा त्यात भरपूर आहे. पण फांदी तुटली तर सरकारचे किती गेले, हे पुसायला कायद्यात जागा होती. फांदी मिळाली नाही तर रयतेचे किती गेले, याला नव्हती.

१९३० साली लोकांनी या हिशेबाची चेष्टाच केली. लोकनायक बापूजी अणे यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला तो विळ्याने गवत कापून. विळाभर गवताने सरकारचे नुकसान ते किती! पण त्यासाठी तुरुंग होता, आणि २५ सप्टेंबर १९३० रोजी कुलाबा जिल्ह्यातल्या चिरनेरला तर गोळ्या होत्या.

हा झाला जुना इतिहास. आता एक अलीकडची गोष्ट. मी ज्या डोंगरी तालुक्यात काही वर्षे मास्तरकी केली, तेथे एका रात्री सागाची तीन झाडे पडली. पंच हवे होते आणि गावात मास्तर आयताच सापडतो. वनपालांनी बुडख्याला टेप लावून घेर घेतला, हातोड्याची खूण मारली आणि टिपून घेतले. किंमत कशी ठरवता, असे मी विचारले.

“सोपं आहे, गुरुजी. घेरावरून तक्त्यात घनमीटर बघायचे आणि डेपोच्या दरानं गुणायचं.”

ओंडके जेथून ओढीत नेले होते तेथे उतारावर चर पडला होता. हातभर उंचीची कितीतरी रोपे त्यात चिरडली होती आणि माती खाली ओढ्यात उतरत होती. यांचे काय, असे मी विचारताच ते हसले. “ती लिहिली तर पुरावा काय देऊ? कोर्टात विचारतात, माल किती आणि जप्त किती.”

दोन दिवसांनी माल सापडला. म्हणजे कागदोपत्री नुकसान जवळजवळ उरलेच नाही! लाकूड सरकारजमा, त्याचा लिलाव होणार, पैसे तिजोरीत येणार. पकडली गेलेली दोन पोरे रोजंदारीवर कुऱ्हाड चालवणारी होती. टेंपो कोणाचा ते काही निघाले नाही. जंगलाचे नुकसान म्हणजे लाकडाचे नुकसान, ही व्याख्या कोणत्याही कायद्यात लिहिलेली नाही. ती तक्त्यातून आणि लिलावाच्या दरातून आपोआप तयार झाली, आणि मला वाटते, म्हणूनच ती इतकी टिकली.

तसे म्हटले तर झाडाचे मोल काढण्याचे प्रयत्न आपल्याकडे कमी झाले नाहीत. कलकत्ता विद्यापीठाच्या प्रा. टी. एम. दास यांनी १९७९ साली एक हिशेब मांडला. पन्नास टन वजनाचे झाड पन्नास वर्षांत काय देते? प्राणवायू अडीच लाख रुपयांचा, हवेची शुद्धी पाच लाखांची, पाण्याचे चक्र आणि ओलावा तीन लाखांचा, मातीची राखण आणि कस अडीच लाखांचा, पशुपक्ष्यांचा निवारा अडीच लाखांचा, प्रथिने वीस हजारांची. एकूण १५ लाख ७० हजार. लाकूड, फळे, फुले यात धरलेली नाहीत. पाखरांच्या घरट्यांचे अडीच लाख वाचून मला प्रथम हसू आले. पण डेपोच्या तक्त्यात त्याच घरट्यांचे मोल शून्य आहे, आणि त्याला मात्र कोणी हसत नाही.

सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या एका समितीने झाडाचे मोल त्याच्या वयाच्या दर वर्षाला ७४,५०० रुपये धरले; त्यातले ४५,००० एकट्या प्राणवायूचे. त्या मापाने पन्नास वर्षांच्या झाडाचे सव्वासदतीस लाख होतात. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने ताजमहालाभोवतीच्या संरक्षित टापूत, मथुरा-वृंदावनकडे, परवानगीवाचून तोडलेल्या ४५४ झाडांबद्दल झाडामागे एक लाख रुपये ठरविले. माप कोणते खरे? मला विचाराल तर एकही नाही; पण डेपोचे माप सर्वांत खोटे.

आणखी एक विसंगती आहे. खाण, धरण, रस्ता यांसाठी सरकारच्या संमतीने जंगल घेणाऱ्याकडून त्याचे आजचे निव्वळ मूल्य वसूल करावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले, आणि २००८ साली जंगलाच्या प्रतीप्रमाणे हेक्टरी ४ लाख ३८ हजारांपासून १० लाख ४३ हजारांपर्यंत दर ठरविले. त्या हिशेबात पाणी आहे, माती आहे, जीवजंतू आहेत. म्हणजे विचारून तोडणाऱ्याने रानाचे मोल द्यायचे आणि चोरून तोडणाऱ्याने बुडख्याचे!

फौजदारी न्यायालयाला याहून मोठा हिशेब जमतच नाही, असे म्हणणाऱ्यांसाठी फ्रान्सचे उदाहरण आहे. १२ डिसेंबर १९९९ रोजी ‘एरिका’ नावाचे जुनाट तेलवाहू जहाज ब्रिटनीच्या समुद्रात दुभंगले. वरचे २६ खलाशी भारतीय होते, ते वाचले. हजारो टन जाड काळे तेल सुमारे चारशे किलोमीटर किनाऱ्याला लागले. त्या देशात फौजदारी खटल्यातच पीडितांना भरपाईचा दावा जोडता येतो. २००८ साली पॅरिसच्या न्यायालयाने १९ कोटी २० लाख युरोंची भरपाई ठरविली. त्यातील १५ कोटींहून अधिक फ्रेंच सरकारची. पण सरकार एकटे नव्हते. किनाऱ्याचे जिल्हे, गावे, पक्षी वाचविणारी संस्था हेही रांगेत होते. पक्ष्यांच्या बाजूने बोलणाऱ्या संस्थेला न्यायालयाने निसर्गाच्या हानीबद्दल म्हणून वेगळी रक्कम दिली. एका जिल्ह्याची अशीच हानी मोजताना संवेदनशील निसर्गक्षेत्रांसाठी तो जो कर गोळा करी, त्याचा आधार घेऊन माखलेल्या क्षेत्राशी त्याचे प्रमाण लावले. माप ओबडधोबडच होते, तरीही २०१२ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही स्वतंत्र हानी मान्य केली.

आपल्याकडे त्या रांगेत अजून सरकार एकटे उभे आहे. पण आता थोडी गडबड होऊ लागली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला आपले जंगल राखण्याचा अधिकार दिला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ साली आपला बांबू आपल्या पासावर विकण्याचा अधिकारही. आता त्या बांबूबनात एखाद्या चोराने कोयता चालवला, खटला झाला, न्यायालयाने भरपाई ठरविली, तर ती रक्कम कोणी उचलायची? ओळखीच्या एका वकिलांना मी हे विचारले. त्यांनी कायद्याचे पुस्तक काढले, चष्मा पुसला, ते कलम दोनदा वाचले आणि म्हणाले, “मास्तर, कोणाला द्यायची ते इथं लिहिलेलंच नाही.”