पूर ओसरल्यावर तालमीचं काय?

पावसाळ्यात कोल्हापूरचा माणूस भेटला की 'कसं काय' असं विचारत नाही. तो विचारतो, 'बंधाऱ्यावर किती फूट?' राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फुटांवर गेलं की इशारा आणि ४३ फुटांवर गेलं की धोका, हे इथं शाळेतल्या पोरालाही पाठ असतं. २००५ साली पाणी पन्नास फुटांच्या आसपास गेलं, तेव्हा जाणती माणसं म्हणाली, असा पूर आता पुन्हा बघायला मिळायचा नाही. पण २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५५ फूट ७ इंचांवर पोचलं आणि २०२१ च्या जुलैत ५६ फूट ३ इंचांवर.

पूर ओसरला की घरांचे, पिकांचे, जनावरांचे पंचनामे होतात. ते आधी व्हायलाच हवेत. पण गावात अशाही काही जागा असतात, ज्या कुणा एकाच्या नसतात, म्हणून त्यांच्यासाठी रांगेत कुणी उभं राहत नाही. तालीम, खेळाचं मैदान, नदीकाठची बाग. मला आज त्यांच्याबद्दल बोलायचं आहे.

'तालीम' हा शब्द अरबीतून आला. त्याचा अर्थ शिक्षण. तिथला 'वस्ताद' म्हणजे 'उस्ताद'. पण शब्द कुठूनही आले असोत, ते कोल्हापूरच्या मातीत मुरले ते राजर्षी शाहू महाराजांमुळे. १८९४ साली राज्याची सूत्रं हाती आल्यावर त्यांनी मल्लांना आश्रय दिला, तालमींना बळ दिलं. १९०२ साली ते विलायतेला गेले. त्या प्रवासात रोमचं जुनं क्रीडागार बघून त्यांच्या मनात खासबाग मैदानाची कल्पना आली, असं सांगतात. १९१२ पर्यंत ते मैदान उभं राहिलं. राधानगरी धरणाचं कामही त्यांच्याच काळात सुरू झालं. पाणी अडवणं आणि पोरांना घडवणं, ही दोन्ही त्या राजाला राज्याचीच कामं वाटत होती. १९५९ साली पहिली हिंदकेसरीची गदा श्रीपती खंचनाळे यांनी जिंकली, ते याच पेरणीचं पीक होतं.

तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. इथल्या कितीतरी तालमींत गणपती बसतो आणि मोहरमला पंजाही बसतो. माझ्या लहानपणी आमच्या पेठेतल्या तालमीत पंजाची आणि गणपतीची वर्गणी एकाच वहीत लिहिली जायची. आमचे चुलते ती वही सांभाळायचे आणि हिशेब मात्र शेजारचे एक गुरव काका करायचे. त्यात काही विशेष आहे, असं तेव्हा कुणाला वाटलं नव्हतं.

२०१९ च्या पुरात ही तालीम पाण्यात गेली. पाणी उतरल्यावर आम्ही दार ढकललं, तर ते उघडेना. आत गुडघाभर गाळ होता. आता आखाड्याची माती म्हणजे काय, हे शहरी वाचकाला सांगायला हवं. ती लाल माती चाळून घेतात. तिच्यात ताक, तेल, लिंबू, हळद, कापूर घालतात आणि महिनोन्महिने खोरं मारून ती मऊ ठेवतात. ती पैलवानाला पडताना झेलते. पुराचा गाळ काळा आणि चिकट असतो. वाळला की फरशीसारखा कडक होतो आणि त्याला भेगा पडतात. शिवाय त्यात गटाराचं पाणी मिसळलेलं. अंगावर ओरखडे असलेल्या पोरांना त्यात उतरवणं म्हणजे आजाराला आमंत्रण. त्यामुळे वरचा थर काढून भागत नाही, सगळा हौद रिकामा करून नव्यानं भरावा लागतो.

पोरं पाट्या घेऊन उभी राहिली. त्यातल्या निम्म्यांची स्वतःची घरंही चिखलात होती. एकाला मी म्हटलं, 'अरे, आधी घरचं बघ.' तो म्हणाला, 'घरात आई हाय, चाचा. हितं कोन हाय?' त्या वर्षी मोहरमचा महिना १ सप्टेंबरला लागला आणि २ सप्टेंबरला गणेश चतुर्थी. हातात जेमतेम तीन आठवडे. ओल्या भिंतींना चुना लावून दोघांनाही जागा झाली. हौद भरायला मात्र दिवाळी उलटली.

माती जरा मुरते न मुरते तोच मार्च २०२० मध्ये करोनानं तालमी बंद केल्या. मैदानं थांबली, पैलवानांची कमाई थांबली. मग २०२१ चा पूर. दोन वर्षांत दोनदा गाळ उपसलेली ती पोरं हळूहळू पांगली. कुणी औद्योगिक वसाहतीत लागला, कुणी रिक्षा घेतली. घराची भिंत पडली तर दिसते. पैलवान व्हायचा राहून गेलेला पोरगा कोणत्या पंचनाम्यात दिसणार?

आणखी एक गोष्ट. मैदान आणि बाग नदीकाठी असण्यात चूक नाही, उलट शहाणपण आहे. पाणी आलं तर ते तिथं पसरतं, चार दिवस थांबतं, निघून जातं. घर बुडण्यापेक्षा मैदान बुडालेलं बरं. चूक होते ती आपण पूररेषेत भराव टाकतो तेव्हा, मैदानाला पक्क्या भिंती घालतो तेव्हा. पाण्याची वाट अडते आणि ते पेठेत शिरतं. म्हणून दुरुस्ती करताना पुन्हा सिमेंट ओतायच्या आधी थांबावं. पाणी वाहून जाईल असं साधं जाळीचं कुंपण, उंचावर सामानाची खोली, गाळ मानवेल अशी झाडं, आणि हौदाची माती नव्यानं भरायला दरवर्षी बाजूला ठेवलेली थोडी रक्कम. याला फार मोठा निधी लागत नाही. ही जागासुद्धा आपली आहे, एवढं कुणीतरी मनावर घ्यावं लागतं.

आमच्या तालमीत आज पुन्हा सकाळी जोर-बैठका चालतात. पोरं थोडी आहेत. भिंतीवर दोन्ही पुरांच्या पाण्याच्या खुणा वस्तादांनी मुद्दाम राखल्या आहेत. रंग देताना तेवढा पट्टा सोडायला सांगतात. नवा पोरगा आला की आधी त्याला त्या खुणा दाखवतात आणि मग त्याच्या हातात खोरं देतात.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)