दगडी हत्ती आणि मिठागराचे फावडे

घारापुरी बेट उरण तालुक्यातले. पोर्तुगीजांनी त्याला ‘एलिफंटा’ म्हटले ते तेथील दगडी हत्तीवरून. पण तो हत्ती पाहावयाचा तर उरणकरांनी भायखळ्यास जावे! १८६४ साली तो विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. उचलताना यारी मोडली आणि हत्तीचे तुकडे झाले. १९१४ साली ते सांधले. आज तो राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयापाशी उभा आहे.

आम्ही युनियनची मंडळी ते संग्रहालय पाहून आलो. मुंबईतल्या निरनिराळ्या जातीजमातींचे मातीचे पुतळे तेथे मांडले आहेत. पुतळे सुबक आहेत, यात शंका नाही. परंतु ते दुसऱ्याने केलेले. त्या माणसांच्या हातची वस्तू ती नव्हे.

आता आपल्या चिरनेरकडे पाहा. २५ सप्टेंबर १९३० रोजी अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला. कोयते-कुऱ्हाडी घेऊन आगरी, कोळी, कातकरी तेथे जमले. गोळीबारात आठ सत्याग्रही पडले. त्यांत नाग्या महादू कातकरी होता. गावात त्यांचे स्मारक आहे. त्या स्मारकाशेजारी एक खोली असावी, एवढेच आमचे मागणे. तीत रानातला कोयता, कोळ्याचे जाळे आणि मिठागराचे फावडे ठेवावे. १९८९ साली न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, भोवतालची खाडी पालटली. मिठागरात राबलेली म्हातारी माणसे मात्र अजून गावोगाव आहेत. कोणते अवजार कशास लागे, हे त्यांच्याकडून या उन्हाळ्यातच लिहून घ्यावे.