नानी पालखीवाला : न्यायालय आणि पेढी

वऱ्हाडात वकिली हा केवळ पोटापाण्याचा धंदा फार काळ राहिला नाही. वणीस जन्मलेले आणि यवतमाळास वकिली केलेले लोकनायक बापूजी अणे सन १९३० मध्ये पुसदच्या राखीव जंगलातील गवत कापून तुरुंगात गेले. अमरावतीचे दादासाहेब खापर्डे टिळकांच्या खांद्यास खांदा लावून उभे राहिले. अमरावतीचेच रावबहादूर र. न. मुधोळकर यांनी तर वकिलीच्या जोडीला उद्योगधंद्यांच्या वाढीचा ध्यास घेतला. १९०५ साली काशीच्या काँग्रेसबरोबर जी औद्योगिक परिषद सुरू झाली, तिचे चिटणीसपद त्यांनी सांभाळले आणि १९१२ साली बांकीपूरच्या काँग्रेसचे ते अध्यक्षही झाले. प्रजेच्या हक्कांचा कैवार आणि कारखानदारीचा पुरस्कार एकाच माणसाच्या ठायी नांदू शकतात, हे आपल्या वाडवडिलांना नवे नव्हते.

ही जुनी नावे मी उगाच काढली नाहीत. आज ज्यांच्याविषयी बोलावयाचे ते नानी पालखीवाला मुंबईचे पारशी गृहस्थ. परंतु त्यांच्या सर्वांत मोठ्या खटल्याचा एक धागा या मुधोळकरांच्या घरापर्यंत येऊन पोहोचतो. तो यथावकाश हाती येईलच.

पुरुषाचे नाव ‘नानी’ कसे, असे कोणी विचारील. मूळ नाव नानाभॉय. पूर्वज पालख्या तयार करण्याच्या धंद्यात होते, त्यावरून आडनाव पडले. जन्म १६ जानेवारी १९२० चा. पुढे ज्यांच्या वाणीने न्यायासने डोलली, ते लहानपणी तोतरे बोलत असत. चिकाटीने त्यांनी हा दोष घालविला. इंग्रजी घेऊन ते एम. ए. झाले व मुंबई विद्यापीठात अधिव्याख्यात्याच्या जागेसाठी त्यांनी अर्ज केला. ती जागा दुसऱ्या उमेदवारास मिळाली, म्हणून ते कायद्याकडे वळले. (शिक्षकी पेशाचे त्यात नुकसान झाले, असे माझ्यासारख्या जुन्या मास्तराला वाटले तर श्रोत्यांनी क्षमा करावी.) सर जमशेदजी कांगा यांच्या हाताखाली त्यांनी वकिलीचे धडे घेतले आणि १९५० साली कांगांच्या बरोबरीने लिहिलेला प्राप्तिकरावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे तीस.

१९६१ साली ते टाटांच्या पेढीत आले. असोसिएटेड सिमेंट कंपनीचे अध्यक्षपद त्यांनी अनेक वर्षे भूषविले. १९६८ साली टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस निघाली, तिचे पहिले अध्यक्ष तेच. ही कंपनी आरंभी टाटांच्याच पोलाद कारखान्यासाठी छिद्रे पाडलेल्या कार्डांवर हिशेबाचे काम करून देई. फकीरचंद कोहली यांच्यासारखा कर्तबगार अभियंता लाभल्यावर तिचा विस्तार कसा झाला, हे आज घरोघरच्या मुलांना ठाऊक आहे.

येथे सामान्यतः माणसाच्या चरित्राचे एक पर्व संपते. वकील व्यवस्थापक होतो, काळा झगा खुंटीवर राहतो. पालखीवालांचे तसे झाले नाही. दिवाणखान्यातील खुर्ची आणि न्यायालयातील जागा ही दोन्ही त्यांनी सोडली नाहीत, आणि त्यांच्यावरील आक्षेपाचे मूळही येथेच आहे. जुलै १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याविरुद्ध एका भागधारकाची बाजू त्यांनी मांडली आणि फेब्रुवारी १९७० मध्ये दहा विरुद्ध एक मताने तो कायदा रद्द ठरला. त्याच वर्षाच्या अखेरीस संस्थानिकांच्या तनख्याचा खटलाही सरकार हरले. हा धनिकांचा वकील, कारखानदारांच्या पैशाने कारखानदारांचे हक्क राखतो, असे लोक म्हणू लागले. हा आक्षेप अगदीच पोकळ होता असे मला वाटत नाही. ज्याच्या अंगावर धड वस्त्र नाही, त्याला भागधारकाच्या मोबदल्याचे काय होय? परंतु १९७२ साली वर्तमानपत्रांच्या कागदावरील निर्बंधांविरुद्ध ते लढले, तेव्हा प्रश्न पैशाचा उरला नव्हता. किती पाने छापावयाची हे सरकारने ठरवावे काय, असा तो प्रश्न होता, आणि न्यायालयाने सरकारविरुद्ध कौल दिला.

या सर्वांच्या आधी एक रात्र येऊन गेली होती. १९६८ साली कायदेमंत्री गोविंद मेनन यांनी त्यांना भारताचे ॲटर्नी जनरल होण्याचा आग्रह केला. पालखीवालांनी होकार दिला. मग पहाटे त्यांना जाग आली आणि मनाने स्पष्ट उलटा कौल दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी नकार कळविला. ते पद स्वीकारले असते, तर पुढच्या प्रत्येक मोठ्या खटल्यात सरकारची बाजू मांडण्याचे काम त्यांच्याच गळ्यात पडले असते.

त्या खटल्यांत शिरोमणी ठरला तो केशवानंद भारतींचा. केरळातील एडनीर मठाच्या जमिनीवरून निघालेला हा वाद अखेर एका प्रश्नावर येऊन ठेपला : संसदेला राज्यघटनेत वाटेल ती दुरुस्ती करता येईल काय? येथे मघाचा धागा हाती येतो. १९६४ साली सज्जनसिंह खटल्यात, घटनेची काही मूलभूत वैशिष्ट्ये दुरुस्तीच्या कक्षेबाहेर असतील काय, अशी शंका एका न्यायमूर्तींनी आपल्या निकालपत्रात लिहून ठेवली होती. ते न्यायमूर्ती जनार्दन मुधोळकर. अमरावतीच्या त्याच रावबहादुरांचे चिरंजीव. तेव्हा ती केवळ शंका होती, निर्णय नव्हे. त्या शंकेत ज्या विचाराचे बीज होते, तो पालखीवालांनी तेरा न्यायमूर्तींपुढे पूर्ण विस्ताराने मांडला. ३१ ऑक्टोबर १९७२ पासून २३ मार्च १९७३ पर्यंत अडुसष्ट दिवस सुनावणी चालली आणि २४ एप्रिल रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने निर्णय झाला : दुरुस्ती करता येईल, पण घटनेची मूळ चौकट मोडता येणार नाही.

दोनच वर्षांनी कसोटी आली. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द केली. सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडली ती पालखीवालांनीच. २४ जूनला सशर्त स्थगिती मिळाली, २५ च्या रात्री आणीबाणी पुकारली गेली, आणि लगेच पालखीवालांनी वकीलपत्र परत केले. हे कृत्य तोलताना तो काळ ध्यानी घ्यावा. कारखानदारी परवान्यांवर चाले. सिमेंटचा भावही सरकार ठरवी आणि हे नियंत्रण सैल झाले ते १९८२ मध्ये. अशा दिवसांत टाटांच्या एका संचालकाने पंतप्रधानांचे वकीलपत्र परत करणे म्हणजे केवळ वकिलाची फी सोडणे नव्हते. नोव्हेंबरात केशवानंद निकालाचा फेरविचार करण्यासाठी सरन्यायाधीश अजितनाथ रे यांनी पुन्हा तेरा न्यायमूर्ती बसविले. वृत्तपत्रांची तोंडे बांधलेली असताना पालखीवाला न्यायालयात उभे राहिले आणि तिसऱ्या दिवशी, १२ नोव्हेंबरला, सरन्यायाधीशांनी ते पीठच मोडून टाकले. त्यांच्या आयुष्यातील सर्वोच्च क्षण मी हाच मानतो, केशवानंदचा निकाल नव्हे.

सामान्य जनांनी मात्र त्यांना पाहिले ते अंदाजपत्रकावरील व्याख्यानांत. १९५८ साली मुंबईच्या एका हॉटेलातील लहान दालनात सुरू झालेला हा वार्षिक प्रघात पुढे ब्रेबोर्न क्रीडांगणावर नेण्याची पाळी आली. हाती कागद न घेता ते आकडे सांगत आणि हजारो माणसे करांवरील भाषण कीर्तनासारखी ऐकत.

१९७७ साली जनता सरकारने त्यांना अमेरिकेत राजदूत म्हणून धाडले. ते वॉशिंग्टनला असतानाच, १९७८ साली, त्याच सरकारने चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने संपत्तीचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढून टाकला. ज्या हक्कासाठी टीका सोसून ते एवढी वर्षे झगडले, तोच असा नाहीसा झाला. १९७९ मध्ये ते परतले आणि मिनर्व्हा मिल्सच्या खटल्यात पुन्हा उभे राहिले. संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादाच नाही, असे सांगणारा आणीबाणीतील बेचाळिसाव्या दुरुस्तीचा भाग १९८० साली न्यायालयाने रद्द ठरविला. ११ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत ते निवर्तले.